वास बोलवणारे नाना

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. नानांना वास येत नाही, ही गोष्ट अख्ख्या कारखान्यात फक्त मला माहीत होती. ती बाहेर पडली ती माझ्यामुळे. लोक समजतात की त्या दिवशी सहज थट्टामस्करीत ते उघड झालं. तसं नव्हतं.

नाना म्हटलं की मला आधी त्यांचा उजवा हात दिसतो. सॅम्पलची बाटली डाव्या हातात, छातीपासून लांब धरलेली. झाकण काढलेलं. आणि उजव्या हाताचा पंजा बाटलीच्या तोंडावरून नाकाकडे हळूहळू हलतोय. ओट्यावरून कुणी ओळखीच्या माणसाला "या, या" करावं तसा.

"बाटलीत नाक घालायचं न्हाई," नवीन आलेल्या प्रत्येकाला ते सांगायचे. "वासाला बोलवायचं. पाव्हण्यासारखं. आपल्या पायानं येऊ द्यायचं."

त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. सगळे नाना म्हणायचे, मीही म्हणायचो. नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना. अल्कोहोलपासून ब्रोमाइड बनवायचो आणि औषधांच्या कंपन्यांना पुरवायचो. मुख्य माल ब्युटाइल ब्रोमाइड. नाना तिथे प्रॉडक्शनचे सुपरवायझर आणि मी लॅबमध्ये केमिस्ट. दोघेही बी.एस्सी. केमिस्ट्री. ते माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठे, आणि अंगात नम्रपणा म्हणाल तर औषधालाही नाही.

ते पाथर्डीकडच्या एका गावातले. आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे साखर कारखान्याच्या आवारातच बालपण गेलेलं. "मळीचा वास, स्पिरिटचा वास, बॉयलरच्या राखेचा वास," नाना बोटांवर मोजत सांगायचे, "आईच्या दुधासंगं मिळालेत हे. तुमाला लॅबवाल्यांना कुठून कळायचं? तुमाला नाक हाय ते चष्मा ठेवायला."

मला ते 'लॅबवाले' म्हणायचे. मी चष्मा लावतो.

तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा माणूस असेलच. सतत बढाया मारतो, आपण वैतागतो, आणि तो रजेवर गेला की जेवणाच्या सुट्टीत कुणी कुणाशी बोलत नाही.

अल्कोहोलचं ब्रोमाइड कसं होतं, हे मी कॉलेजात शिकलो होतो. पण आजही आठवतं ते नानांनी सांगितलेलं. एकदा मालकांचे कुणी पाहुणे कारखाना बघायला आले. ॲसिड कशाला लागतं, त्यांनी विचारलं. मी 'प्रोटोनेशन' म्हणून तोंड उघडलं होतं. नाना मध्येच म्हणाले, "साहेब, एसटीनं कधी पाथर्डीला गेलाय का?"

"नाही."

"मग ऐका. अल्कोहोल म्हंजे सीट. तिच्यावर ओएच नावाचा जाडजूड माणूस बसलेला. त्याला ऊठ म्हणलं तर उठत न्हाई. ब्रोमाइड दांड्याला धरून उभा. नुसता बघत ऱ्हातो. मग आमी काय करतो, ॲसिड घालतो. ॲसिड म्हंजे एक बाई, कडेवर रडकं पोर. ती ते पोर त्या जाड्याच्या मांडीवर ठेवती. जरा धरा म्हणती. पोर म्हंजे प्रोटॉन. आता जाडा कावतो. त्याचं पाणी हुतं आन् तो उठायला लागतो."

"आणि मग ब्रोमाइड बसतो?"

"मग न्हाई. तो उठून जायची वाट बघत न्हाई. जाडा निम्मा उठलेला असतानाच ह्यो मागल्या अंगानं घुसतो आन् बूड टेकतो. आपल्या ब्युटेनॉलमधी असंच चालतं. सगळं मागनं."

पाहुणे पोट धरून हसले. मीही हसलो. चूक काढायला जागा नव्हती, याचा थोडा रागही आला.

तेव्हाची पद्धत अशी होती. रिॲक्टरमध्ये ब्युटेनॉल, हायड्रोब्रोमिक ॲसिड आणि वरून सल्फ्युरिक. तासन्‌तास उकळायचं. अल्कोहोल संपत आलं की हीटिंग कमी करून पुढचं काम सुरू करायचं. आधी थांबलं तर मालात अल्कोहोल राहतं, फार ताणलं तर ईथर होऊन माल वाया जातो. संपलं की नाही, हे लॅबचं मशीन सांगायचं, पण रिपोर्ट यायला वेळ लागायचा. नाना बाटली धरायचे, वासाला बोलवायचे आणि सांगायचे. अल्कोहोलचा वास जड, घशात बसणारा. ब्रोमाइडचा गोडसर, जरा क्लोरोफॉर्मच्या वळणाचा. दोन्ही मिसळलेले असताना त्यातलं थोडं उरलेलं अल्कोहोल ओळखणं हे नानांचं काम. हे असं हुंगणं तब्येतीला चांगलं नाही, आता कुणी करूही देणार नाही. पण तेव्हा चालायचं.

ते नेहमी बरोबर असायचे असं मुळीच नाही. कच्चा कांदा खाल्लेल्या दिवशी हमखास चुकायचे. ऑपरेटर लोक मुद्दाम आपल्या डब्यातला कांदा त्यांच्या पुढ्यात सरकवायचे. नाना खायचेही, आणि नंतर सॅम्पल आलं की गंभीरपणे म्हणायचे, "आज निकाल राखून ठेवलाय."

तरीही मालक माझा रिपोर्ट हातात घ्यायचे, चष्मा वर करून वाचायचे आणि विचारायचे, "बरं. नाना काय म्हणतात?"

वर्षानुवर्षं. आकडे माझे, छापील, सहीसकट. आणि वर हा प्रश्न. नानांनी हा प्रश्न कधी विचारायला लावला नव्हता. पण ते शेजारी उभे असायचे आणि मिशीत हसायचे. ते हसणं मी विसरलो नाही. बाकी कुणाला ती गोष्ट लहान वाटेल.

करोना आला. नाना दुसऱ्या लाटेत सापडले. बरेच दिवस सिव्हिलला होते, मग घरी. परत आले तेव्हा कपडे त्यांच्या अंगावर टांगल्यासारखे दिसत होते. ऑपरेटरांनी टाळ्या वाजवल्या. नाना म्हणाले, "यमाला वास आला न्हाई माझा, म्हणून सुटलो."

त्याच आठवड्यात एका बॅचला त्यांनी "झालं, हीटिंग घ्या खाली" म्हणून सांगितलं. तासाभराने माझा रिपोर्ट आला, अल्कोहोल भरपूर शिल्लक. मी खाली गेलो. खरं सांगायचं तर आनंदाने गेलो. नानांनी कागद बघितला, माझा दंड धरला आणि मला कूलिंग टॉवरच्या मागे नेलं. तिथे पाण्याच्या आवाजात दुसऱ्याला काही ऐकू येत नाही.

"लॅबवाले, माझं नाक गेलं."

मला वाटलं चेष्टा आहे.

"परवा घरात आमटी जळून कोळसा झाली. मी शेजारी बसून पेपर वाचीत हुतो. बायको म्हणली, तुमाला नाक हाय का नुसती भोकं?" ते हसायला गेले, पण ते जमलं नाही. "ॲसिडची वाफ आली तर कळती. झोंबतं ना, डोळ्याला पाणी येतं. बाकी काई न्हाई. साबण न्हाई, उदबत्ती न्हाई. नातवाच्या टाळूला नाक लावलं, तर तितंबी काई न्हाई."

"येईल परत, नाना. बऱ्याच जणांचं येतंय."

"येईल तवा येईल. तोवर कुणाला बोलू नका. ह्या लोकांत माझी सगळी पत नाकावर हाय. ते गेलं म्हणलं, तर उद्या मला कोन विचारतंय?"

मी बोलणार नाही म्हटलं. मग नानांनीच तोड काढली. सॅम्पल निघालं की मी खाली यायचं. आधी मी वास घ्यायचा, सहज घेतल्यासारखा. अल्कोहोल शिल्लक वाटलं तर डोक्यावरचं हेल्मेट हाताने सरळ करायचं. संपलं असेल तर चष्मा काढून पुसायचा. मग नाना बाटली धरणार, वासाला बोलवणार आणि निकाल सांगणार.

आम्ही हे बरेच महिने केलं. सांगायला लाज वाटते, पण ते दिवस चांगले होते. माझं नाक त्यांच्याइतकं तयार नव्हतं, पण हळूहळू तयार झालं. नाना नाटक असं झकास करायचे की मलाच शंका यायची. डोळे मिटायचे, मान तिरकी करायची, "अंहं, आजून जरा हाय बुडाशी" म्हणायचे. नंतर माझ्या जवळून जाताना हळूच म्हणायचे, "हेल्मेट जरा लौकर सरळ करत जा की. किती वेळ डोळं मिटून उभा राहू? लोकांला वाटंल नाना झोपले." संध्याकाळी ते मला गेटवरच्या टपरीवर चहा पाजायचे. चहाचा वास येत नाही म्हणून त्यात चार चमचे साखर घालायचे.

मग एका दुपारी मी पंपाकडून येत होतो. अल्कोहोलच्या पंपाच्या सीलमधून गळती लागली होती. खाली पसरलं होतं, वास लांबूनच घशात बसत होता. नाना त्याच्यापासून दोन हातांवर भिंतीकडे पाठ करून उभे होते आणि वेल्डिंगवाल्याला सांगत होते की कुठल्या पाइपला काम करायचं आहे. वेल्डिंगवाला आपली केबल सोडवत होता.

मी ओरडलो. पंप बंद झाला, पाणी मारलं, काही झालं नाही. नाना पांढरेफटक पडले होते. मला म्हणाले, "वाचीवलंत." बाकीच्यांना वाटलं त्यांचं लक्ष नव्हतं.

त्या दिवशी मी खरोखर घाबरलो होतो. नाना त्या जागेवर राहणं धोक्याचं आहे, हे मला स्वच्छ कळलं होतं. त्याच संध्याकाळी टपरीवर मी त्यांना सांगायला हवं होतं की नाना, आता पुरे, आपण दोघं मिळून सांगू. ते भांडले असते, पण ऐकलं असतं असं मला वाटतं. मी काही बोललो नाही. चहा प्यायलो.

मी बोललो ते नंतर, आणि दुसऱ्याच माणसाशी. मधल्या काळात मालकांनी कारभार मुलाकडे सोपवला होता आणि नवा मॅनेजर आणला होता. प्रॉडक्शन इन-चार्ज म्हणून एक जागा काढायची असं चाललं होतं. नाव नानांचं होतं, उघडच. मॅनेजर एकदा लॅबमध्ये येऊन बसले आणि म्हणाले, "हे नाना वासावरून सांगतात म्हणे. खरं असतं का हो ते?"

मी मशीनकडे बघत म्हणालो, "बघा की एकदा. दोन बाटल्या समोर ठेवा, एकीत अल्कोहोल, एकीत ब्रोमाइड. गंमत होईल."

एवढंच. एवढंच बोललो. गळतीचा उल्लेखही केला नाही. सुरक्षिततेसाठी बोललो असतो तर गळतीबद्दल बोललो असतो.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळा प्लांट धुऊन काढतात. रिॲक्टरला, पंपांना झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात. पूजा नानाच करायचे, सगळ्यांत जुने म्हणून. नव्या मॅनेजरच्या नियमामुळे पूजेतही हेल्मेट काढायचं नव्हतं, त्यामुळे त्या वर्षी कुंकू कपाळाऐवजी हेल्मेटला लागलं. नाना प्रत्येकाच्या हेल्मेटला टिळा लावत म्हणत होते, "घ्या, अक्कल नसली तरी टोपी पवित्र झाली."

पेढे वाटून झाले आणि मॅनेजरनी हाक मारली, "नाना, सगळ्या मशीनची पूजा झाली, तुमच्या नाकाची राहिली!" टेबलावर दोन तपकिरी बाटल्या ठेवल्या. लेबल नसलेल्या. त्या सकाळी मीच भरल्या होत्या. "कुठली कुठली आहे, सांगा बघू."

लोक हसत गोळा झाले. एक जण म्हणाला, "नाना, कांदा खाल्ला न्हाई ना?"

नाना पुढे आले. पहिली बाटली उचलली, झाकण काढलं, लांब धरली. उजवा हात हलायला लागला. डोळे मिटले, उघडले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच होतो, लॅबच्या दारात. मला दोन्ही बाटल्या माहीत होत्या. हात वर करायला एक क्षण पुरला असता.

माझे दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात होते. मी ते तिथेच ठेवले.

नानांनी पहिली बाटली ठेवली, दुसरी घेतली. परत तेच. परत माझ्याकडे पाहिलं. मी मॅनेजरकडे बघायला लागलो.

"एक गिलास पाणी द्या बरं," नाना म्हणाले.

"प्यायला?"

"न्हाई. थेंब टाकून बघतो. ब्रोमाइडचा थेंब पाण्याच्या बुडाला जातो, अल्कोहोलचा वर ऱ्हातो."

"अहो, ते काय, मीसुद्धा सांगेन!" मॅनेजर हसले. "नाकाने सांगा ना, नाकाने."

सगळे हसले. दोनच बाटल्या होत्या. नानांनी ठोकून दिलं असतं तर निम्मी शक्यता होती की बरोबर निघेल. आणि नाटक तर त्यांना येतच होतं. त्यांनी दोन्ही बाटल्यांची झाकणं घट्ट लावली, टेबलाच्या मधोमध ठेवली आणि सरळ उभे राहिले.

"मला वास येत न्हाई साहेब. करोनापासनं येत न्हाई."

कुणी हसायचं थांबलं, कुणाला वाटलं ही पण गंमतच, ते आणखी हसले. मग तेही थांबले. मॅनेजर चांगला माणूस होता, तोच ओशाळला. "बरं, बरं, असू द्या. पेढे घ्या, नाना." नानांनी पेढा घेतला. इतके महिने निकाल कसा देत होता, असं कुणीतरी विचारलंच. नाना म्हणाले, "अंदाजानं." माझ्याकडे न बघता म्हणाले.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. नानांना स्टोअरला दिलं, सुरक्षिततेच्या कारणाने. ते कारण खरं होतं, त्याला कुणी नाव ठेवू शकत नाही. इन-चार्जची जागा मला मिळाली. नाना स्टोअरला बसून ड्रम मोजायचे. मी सहीसाठी गेलो की उठून उभे राहायचे. "बसा हो नाना," मी म्हणायचो. "न्हाई, इन-चार्जसाहेब आलेत," ते म्हणायचे. त्यात टोमणा होता की नाही, मला कधी ठरवता आलं नाही. लॅबवाले म्हणणं मात्र त्यांनी बंद केलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी गेटजवळ स्कूटरला किक मारायच्या आधी थांबले आणि म्हणाले, "एक विचारू का? त्या खंडेनवमीला तुमचा खांदा दुखत हुता का?"

"खांदा?" मी विचारलं.

"न्हाई, हात वर झाला न्हाई, म्हणून इचारलं. मी घरी म्हणलं, त्येंचा खांदा आखडला आसंल. मशीनवर बसून बसून आखडतो."

आता सांगता आलं असतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. नाना वाट बघत होते. ते मला वाट करून देत होते की खरंच त्यांना तसं वाटत होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

"हो ना नाना," मी म्हणालो. "फार आखडला होता."

"व्हय ना? तरीच." ते हसले. अगदी पहिल्यासारखं, मिशीत. "जपा. खांद्याचं दुखणं लई वाईट." आणि गेले.

थोड्या दिवसांनी आमचा एक ऑपरेटर पाथर्डीकडून आला. त्याने माझ्या टेबलावर एक बाटली ठेवली. निर्गुडीचं तेल. "नानांनी दिलंय साहेब. घरी काढलंय. म्हणले, रोज झोपताना खांद्याला चोळायला सांग, आन् थंडीत जास्ती."

तेव्हापासून दर थंडीत एक बाटली येते. बायको विचारते, तुमच्या खांद्याला काय झालंय? मी म्हणतो, होतं मागे. मग ती चोळून देते. मी देऊ देतो.

नानांचं नाक परत आलेलं नाही. गावात मुलाने पिठाची गिरणी टाकली आहे, नाना तिथे बसतात. जातं तापलं की पीठ करपतं, त्याचा वास सगळ्यांना येतो, नानांना येत नाही. म्हणून ते पिठाच्या धारेखाली हात धरून बसतात आणि पीठ गरम लागलं की गिरणी बंद करतात. ऑपरेटर सांगत होता की नानांचा उजवा हात आता सदा कोपरापर्यंत पांढरा असतो, आणि दळायला आलेल्या बायांना ते एसटीची आणि रडक्या पोराची गोष्ट सांगतात. "इन-चार्जसाहेब बरे हायेत का?" एवढं दर वेळी विचारतात.

नगरहून पाथर्डी काही लांब नाही. मी अजून गेलेलो नाही. हे लिहिलं म्हणून काही फिटलं असं मी मानत नाही. नाना असलं काही वाचत नाहीत, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच हे लिहायला जमलं. माझा खांदा कधीच दुखला नव्हता, दोन्ही बाटल्या मीच भरल्या होत्या आणि ती कल्पनाही माझीच होती. एवढं त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याकडे बघून सांगणं मी नानांना देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.